खाऱ्या हवेतली व्ही-क्रॉस: आधी काय करायचं, काय सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, अडीच लिटर मॅन्युअल, ९० हजार किलोमीटर झालेली, घाटावरून सेकंडहँड घेतलेली. आता मुक्काम देवगडजवळ. सड्यावरच्या (जांभ्या पठारावरच्या) बागेतून आंब्याच्या पेट्या खाली आणायच्या, करूळ घाटाने कोल्हापूरच्या फेऱ्या करायच्या आणि पावसाळा सोडून ट्रेलरवरून सोळा फुटी फायबरची होडी पाण्यात उतरवायची. करायच्या कामांची यादी: रिमॅप (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं), तीन इंच लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), ३३ इंची टायर, स्नॉर्कल (इंजिनाला हवा छताच्या उंचीवरून देणारी नळी), विंचवाला (गाडी दोराने ओढून काढायच्या यंत्राचा) लोखंडी बंपर. क्रम कसा लावावा?

यादी उलटी धरा आणि तिच्यात नसलेल्या तीन गोष्टी सगळ्यांत वर लिहा: चॅसी, ब्रेक, कूलिंग. या इंजिनात मुळात १३४ बीएचपी आणि ३२० एनएम आहेत. तुमच्या कामाला ते कमी पडत नाहीत. कोकणात या गाड्या ताकद कमी पडून थांबत नाहीत, त्या खालून कुजतात. म्हणून कुठलीही वस्तू बसवण्याआधी दोनच गोष्टी तपासायच्या. तिच्यामुळे मीठ आणि चिखल साचायला नवी जागा होते का, आणि तिच्यामुळे गाडीच्या दुसऱ्या एखाद्या भागावर जास्तीचा ताण येतो का.

मिठाचं गणित आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते सुमारे ३३ टक्क्यांवरच पाणी ओढतं. किनाऱ्यावर हवा एवढी कोरडी क्वचितच होते. म्हणजे चॅसीवर बसलेला खार पाऊस नसतानाही ओलाच राहतो आणि रात्रंदिवस काम करत राहतो. "गाडी कोरडी आहे, नंतर धुऊ" हे गणित घाटावर चालतं, इथे नाही. खाऱ्या पाण्याशी किंवा पुळणीशी (किनाऱ्याच्या वाळूशी) संबंध आला त्याच दिवशी गाडी खालून धुवायची.

धुवायची कशी, हेही महत्त्वाचं. प्रेशर वॉशरचा झोत चिखल उडवतो, पण बेअरिंगच्या सीलमधून, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसच्या टोप्यांतून आणि कनेक्टरांतून पाणी आतही घुसवतो. त्यापेक्षा बागेत ठेवतात तो फिरता स्प्रिंकलर गाडीखाली सरकवा, पुढच्या चाकांपासून सुरुवात करा आणि गाडी थोडी थोडी पुढे घेत वीस-पंचवीस मिनिटं भरपूर पाणी जाऊ द्या. मीठ झोताने नाही, पाण्याच्या प्रमाणाने विरघळतं. पाणी मात्र गोडं हवं. खाडीकाठच्या विहिरींना मार्चनंतर मचूळपणा येतो, त्या पाण्याने धुतलं तर केलेल्या कामावर पाणीच. चॅसीच्या पोकळ भागात भोकांतून साधी नळी घालून आतूनही धुवा आणि खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. तांबडी माती तिथे अशी बसते की आत वर्षभर पाणी राहतं.

आता चॅसीचं काम. गाडी घाटावरची असल्यामुळे तिचा बराचसा सांगाडा अजून शाबूत असण्याची शक्यता आहे, हीच वेळ आहे. लहान हातोडीने ठोकत जा. मागच्या पाट्यांचे हँगर, मागच्या ॲक्सलच्या वरचा चॅसीचा वाकलेला भाग, आडवे मेंबर, डिझेल टाकीच्या पट्ट्या, हौदा बसवलेले बोल्ट, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. हौद्याखाली लटकवलेल्या स्टेपनीची साखळी-यंत्रणा इथे दोन वर्षांत जाम होते आणि ते नेमकं पंक्चर झाल्यावर कळतं. दर दोन महिन्यांनी स्टेपनी पूर्ण खाली सोडून साखळीला ग्रीस लावा.

गंजावर थेट काळं डांबरी अंडरकोटिंग मारून घेऊ नका. बहुतेक ठिकाणी तेच करतात, कारण दोन तासांत गाडी देता येते. तो थर कडेने सुटतो, त्याच्या आत खारं पाणी शिरतं आणि वरून काळं चकचकीत दिसत असताना आत पत्र्याचे पापुद्रे निघतात. दुसरी कोकणी सवय म्हणजे मृगाच्या आधी जुनं जळकं ऑइल आणि डिझेल यांचा फवारा. त्याने गंज थोडा थांबतो हे खरं, पण सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे होज, सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या सांध्यांचे) बूट असं सगळं रबर फुगून मऊ होतं, आणि ते तेल पहिल्या पावसात तुमच्याच बागेत उतरतं. योग्य क्रम असा: धुणं, दोन दिवस पूर्ण वाळवणं, वायर ब्रशने सुटा गंज काढणं, राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर, तो सुकल्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात, त्यावर चॅसी ब्लॅक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पोकळ भागात रंग पोचत नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स किंवा लॅनोलिनवालं वंगण लांब नळीच्या, चहूबाजूंनी फवारणाऱ्या नोझलने मारायचं आणि ते निचऱ्याच्या भोकातून ठिबकू लागेपर्यंत मारत राहायचं. पूर्ण चॅसीला तीन-चार लिटर लागतं. सायलेन्सर, ब्रेक डिस्क आणि निचऱ्याची भोकं झाकायला विसरू नका. वॅक्स दरवर्षी पुन्हा, इपॉक्सी फक्त खरचटलं असेल तिथे.

हौद्यात प्लॅस्टिकचा सुटा लायनर असेल तर काढून खाली बघा. तो हौद्यावर घासतो, रंग जातो आणि मध्ये पाणी साठतं. पेट्या वाहायच्या तर फवारून बसवतात तो पॉलियुरियाचा लायनर बरा, किंवा साधी रबरी चटई जी दर आठवड्याला उचलता येते. फाळक्याच्या आतल्या खालच्या कडेला निचरा असतो, तो आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याने हमखास बुजतो.

ब्रेक. पुढे डिस्क आणि मागे ड्रम, अशी ही मांडणी आहे. टोयोटा हायलक्सलाही मागे ड्रमच आहेत, म्हणून त्यांच्याही मालकांनी हे वाचावं. ड्रममध्ये गेलेली पुळणीची वाळू बाहेर येत नाही, ती लायनिंगमध्ये रुतून ड्रमला रेघा पाडते. वाळूत किंवा चाकभर पाण्यात जाणाऱ्या गाडीचे ड्रम दर १० हजार किलोमीटरला उघडा, साफ करा, ॲडजस्टर फिरतो का बघा, हँडब्रेकच्या केबलला वंगण द्या. हँडब्रेक ओढून गाडी पावसात चार दिवस उभी ठेवली तर लायनिंग ड्रमला चिकटतं. सपाटीवर गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. पुढच्या कॅलिपरच्या पिना वर्षातून एकदा काढून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर आतलं रबर फुगतं, पीन अडकते आणि एकाच बाजूचं पॅड झिजतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येतो. भरलेली गाडी करूळ किंवा आंबा घाट उतरताना कॅलिपर एवढे तापणं अवघड नाही. मग आत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. पुस्तकात दोन वर्षं लिहिली असली तरी किनाऱ्यावर दरवर्षी बदला. मोठ्या डिस्कच्या किटचा विचारही करू नका. चांगली पॅड, ताजं ऑइल आणि उतारावर चढाचाच गिअर, एवढं पुरतं.

कूलिंगवर फार लिहायला नको. रेडिएटर, इंटरकूलर आणि एसीचा कंडेन्सर एकामागे एक असतात आणि मधल्या फटीत तांबडी धूळ, गवताचं बी आणि खार यांचा लगदा बसतो. पुढची ग्रिल काढून आतल्या बाजूने बाहेर असं हलक्या दाबाने धुवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी रेडिएटरात घालायची सवय ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला महागात पडते. पंख्याचा व्हिस्कस क्लच तपासायचा तर गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. सहज गरगर फिरला तर क्लच गेलेला आहे आणि घाटात काटा वर चढणार.

आता लिफ्ट, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

आधी आरसी पुस्तक उघडा. भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असे दोन आकडे आहेत. वजाबाकी केली की जे उरतं त्यातून ड्रायव्हर, शेजारचा माणूस, ट्रेलरच्या हुकावर पडणारा भार आणि तुम्ही बसवलेली प्रत्येक वस्तू वजा होते. लोखंडी बंपर आणि विंच मिळून शंभर किलोच्या आसपास जातात. पाच डझनी पेटी, फळ पाव किलोचं धरलं तरी, लाकडासकट सतरा-अठरा किलो. वीस पेट्या म्हणजे साडेतीनशे किलो. हा हिशोब कागदावर मांडला की बऱ्याच जणांचा बंपर आपोआप यादीतून गळतो. (आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन दुसऱ्याच्या पेट्या वाहिल्या तर परवान्याचा प्रश्न येतो, तो वेगळाच.)

या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली एकेक आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. पुढे ४० मिलिमीटरपर्यंत उंची वाढवली तर मूळचे वरचे आर्म चालतात. तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटर. तिथे वरचा बॉल जॉइंट टोकाला जातो, कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा मागे कललेला कोन) कमी होतो, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकतं आणि सीव्ही जॉइंट कायम वाकडा चालतो. त्याचे बूट फाटतात, आत पुळणीची वाळू जाते आणि मग जॉइंट कटकट वाजायला लागतो. हे टाळायला नवे आर्म, डिफ (डिफरन्शियल, दोन्ही चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) खाली उतरवायचे ब्रॅकेट, लांब ब्रेक होज हे सगळं लागतं. वर्कशॉपात बहुतेकदा स्प्रिंगवर स्पेसर (जाड चकती) ठेवून काम भागवतात. स्पेसरने उंची येते, सस्पेन्शनचा खालचा प्रवास मात्र तेवढाच कमी होतो. मग गाडी खड्ड्यात उतरली की शॉकअप टोकाला जाऊन आपटतो.

तुमच्या कामाला ४० मिलिमीटर पुरे, आणि तेही स्प्रिंग बदलून. पुढे मूळ बंपरच्याच वजनाला धरून स्प्रिंग घ्या. मागे पाटे घेताना "हेवी ड्यूटी" या शब्दावर जाऊ नका, कायम किती वजन राहणार ते विचारा. वर्षातले दहा महिने हौदा रिकामा असेल आणि तुम्ही ३०० किलोचे पाटे घातले तर ओल्या घाटात मागचं चाक उड्या मारत घसरेल. मूळ पाट्यात एक हेल्पर पाटा वाढवणं हा आंब्याच्या दोन महिन्यांसाठी समजूतदार उपाय आहे. यू-बोल्ट काढले की पुन्हा तेच बसवायचे नाहीत, ते एकदा ताणलेले असतात. नवे घाला, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. यू-बोल्ट सैल राहिला तर पाटा सेंटर बोल्टपाशीच तुटतो. सस्पेन्शनचे बुश आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. शेवटी अलाइनमेंट, त्यात फक्त टो (चाकं समोर आत-बाहेर किती वळलीत) नाही, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टरसुद्धा छापून घ्या.

इथला खास त्रास म्हणजे पाट्यांच्या मधला गंज. तो पाटे एकमेकांना चिकटवतो, गाडी कडक होते आणि लोक शॉकअप बदलत बसतात. दोन वर्षांनी पाटे सोडवा, ब्रश मारा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधा.

टायर. मूळचा २५५/६० आर १८ म्हणजे व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. ३३ इंच म्हणजे ८३८. फरक जवळजवळ १० टक्के. याचे परिणाम बघा: मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल. चाकापाशी मिळणारा जोर नऊ टक्क्यांनी कमी होईल, म्हणजे ३२० एनएमचं इंजिन २९० चं असल्यासारखं ओढेल. ब्रेकलाही तेवढंच जास्त काम. आणि या सगळ्याच्या बदल्यात डिफच्या खाली जागा वाढेल फक्त व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटर. मोठ्या टायरने घालवलेला जोर परत आणायला रिमॅप, रिमॅपने क्लच जातो, क्लच मोठा घातला की बेरीज वाढत जाते. मूळ मापातच ऑल-टेरेन घ्या, फार तर २६५/६० आर १८. त्याचा व्यास ७७५, फरक दीड टक्का. मड टेरेनची मोठी नक्षी ओल्या डांबरावर आणि शेवाळलेल्या कातळावर कमी धरते, कारण टेकणारं रबरच कमी असतं. जांभ्याच्या सड्यावर धारदार दगडाने साइडवॉल कापला जातो, म्हणून टायर निवडताना नक्षीपेक्षा साइडवॉलचे थर विचारा.

वाळूत खरी जादू हवा कमी करण्यात आहे. १६ ते १८ पीएसआय, वेग ३० च्या आत, वळण मोठं, ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यायची. १५ च्या खाली टायर रिमवरून सुटण्याची भीती. वर आल्यावर हवा परत भरल्याशिवाय डांबरावर जायचं नाही, त्यामुळे कंप्रेसर हा या गाडीतला पहिला विकत घ्यायचा सामान. गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर दाबून खड्डा खोल करू नका. उतरा, चाकांपुढची वाळू काढा, १५ च्या खाली न जाता हवा आणखी एक-दोन पीएसआय कमी करा, मागच्या चाकोरीतून मागेच घ्या. अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. नोव्हेंबर ते मे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी आणि पिल्लं पुळणीत असतात. तेव्हा होडी उतरवायला बंदराचा रॅम्पच वापरा.

रॅम्पवर जाण्याआधी भरतीची वेळ काढा. तिथीची पाऊणपट हा जुना हिशोब अजूनही कामाचा आहे: सप्तमीला सात पाऊणपट सव्वापाच, म्हणजे भरती सव्वापाचच्या सुमारास, ओहोटी त्याच्या सहा तास आधी-नंतर. हा ढोबळ हिशोब आहे, दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे येते, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की रॅम्पचं शेवाळलेलं टोक उघडं पडतं. मागची चाकं त्या टोकावर गेली की गाडी होडीसकट खाली सरकते. फोर-लो (चारही चाकांना जोर, हळू गिअर) लावूनच उतरा, एक माणूस ठोकळा घेऊन बाहेर उभा ठेवा. ट्रेलरचे हब तापलेले असताना पाण्यात घालायचे नाहीत. आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटं थांबा, तेवढ्यात होडीचे पट्टे सोडून होतात. तरीही हंगामाच्या शेवटी हब उघडून बेअरिंगला नवं मरीन ग्रीस भरायचंच.

हेच तत्त्व गाडीच्या डिफला लागू आहे, म्हणून स्नॉर्कलच्या आधी ब्रीदर. पुढचा-मागचा डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना श्वास घ्यायला छोटी नळी असते. गरम डिफ थंड व्हाळात (ओढ्यात) बुडला की आत पोकळी होते, आणि ब्रीदर बुजलेला किंवा पाण्याखाली असला की पाणी सीलमधून आत येतं. ८ मिलिमीटरची तेलाला टिकणारी नळी लावून पुढच्या बाजूचे ब्रीदर बॉनेटखाली वर आणि मागचा टेललाइटच्या उंचीला नेऊन टोकाला छोटा फिल्टर लावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, गाडी हलवण्याआधी, डिफचा खालचा प्लग किंचित सैल करा. पाणी तळाला बसतं, आधी पाणी आलं तर तेल बदला. दुधाळ तेलावर गाडी चालवली तर क्राउन-पिनियन आणि बेअरिंग जातात. पावसाळ्यानंतर मात्र तेल कसंही दिसलं तरी बदलायचं.

स्नॉर्कल इंजिनात पाणी जाऊ देत नाही एवढंच, तो गाडी जलरोधक करत नाही. हायलक्सला कंपनी ७०० मिलिमीटर खोली सांगते, आणि तेही स्नॉर्कलशिवाय. शिवाय व्हाळाला पूर असेल तेव्हा खोलीपेक्षा वेग महत्त्वाचा. गुडघाभर वाहतं पाणी गाडी साकवावरून ढकलू शकतं. तिथे थांबणं हाच उपाय. कुठे पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर ओला असेल तर ग्लो प्लग काढून, मगच इंजिन फिरवायचं. डिझेल फिल्टरच्या खालचा पाणी सोडायचा स्क्रू पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडा आणि बंदरावरच्या पिंपातलं डिझेल शक्यतो टाळा. कॉमन रेलच्या इंजेक्टरला थेंबभर पाणीही पुरतं.

विंचवाल्या बंपरचं काय? केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बुल बारवर (बंपरपुढे बसवतात त्या लोखंडी चौकटीवर) कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी लोखंडी बंपरमुळे धक्क्याचा जोर चॅसीपर्यंत पोचण्याची पद्धत बदलते, आणि एअरबॅगचं गणित त्यावरच बसवलेलं असतं. शिवाय खाऱ्या हवेत विंचची मोटर आणि सोलेनॉइड महिनोन्‌महिने न वापरता बसून राहतात आणि गरजेच्या दिवशी फिरत नाहीत. त्याऐवजी हाताने ओढायचा विंच, ४.७५ टनी दोन बो-शॅकल, नऊ मीटरचा ताणणारा पट्टा आणि एक फावडं ठेवा. ओढताना गाठ मूळ टो-हुकातच, ट्रेलरच्या बॉलला कधीच नाही. तो बॉल तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो.

फोर-व्हील वापरली नाही तरी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर-हाय लावून पाच-सहा किलोमीटर चालवा, नाहीतर ॲक्च्युएटर गंजून अडकतो. कोरड्या डांबरावर मात्र लावायची नाही.

राहिला रिमॅप. हे सगळं झाल्यावर आणि मगच. आधी चार तपासण्या: इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, कॉम्प्रेशन, इंटरकूलरच्या नळ्यांतून हवा गळते का, आणि क्लच. क्लचसाठी चढावर चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वाढला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच आत्ताच घसरतोय. ९० हजारांवर हे होणं नवल नाही. ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत नेणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्डमधली (हवा आत नेणाऱ्या नळीतली) काजळी साफ करा. बऱ्याच "ढेपाळलेल्या" गाड्या एवढ्यानेच मूळ ताकदीवर येतात आणि रिमॅपची गरज उरत नाही.

तरीही करायचाच असेल तर ३२० वरून ३७०-३८० एनएमपर्यंत थांबा. आणि हा जोर १८०० आरपीएमच्या आत एकदम येऊ देऊ नका. क्लच आणि गिअरबॉक्सला मारतो तो कमी आरपीएमवरचा जोर. टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान लांब चढावर ७५० अंशांच्या वर जात नाही याची खात्री गेज बसवून, ट्रेलर जोडून, करूळ घाटात करून घ्या. डायनोवरची (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावरची) पंधरा सेकंदांची ओढ हे दाखवत नाही. काळा धूर दिसला तर डिझेल जास्त जातंय, म्हणजे तापमानही वाढतंय. रेल प्रेशर सेन्सरचा (इंजेक्टरआधीचा डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) संदेश खोटा करणारे डबे टाळा. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) खरं प्रेशर कळतच नाही आणि पंप-इंजेक्टर त्याची किंमत मोजतात. ईजीआर बंद करणं किंवा बीएस ६ गाडीतला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढणं बेकायदा आहे, आणि विम्याच्या दाव्यातही अंगावर येतं.

बीएस ६ वाल्या १.९ लिटर व्ही-क्रॉस आणि २.८ लिटर हायलक्सच्या मालकांसाठी एकच वेगळी गोष्ट. घर ते बंदर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफ जळून साफ होत नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग ६० च्या वर चालवा, आणि डिपस्टिक बघत राहा. तेलाची पातळी वाढलेली दिसली तर त्यात डिझेल मिसळतंय, तेल लगेच बदला, आणि तेही मॅन्युअलमधल्या कमी राखेच्या प्रतीचंच.

वेळापत्रक हवामान ठरवतं. इपॉक्सीला कोरडी हवा लागते, म्हणून चॅसीचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, तेही दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान; सकाळच्या दवात मारलेला प्रायमर धरत नाही. सस्पेन्शन आणि टायर मार्चपर्यंत, म्हणजे पेट्या सुरू होण्याआधी यू-बोल्ट दुसऱ्यांदा आवळून होतील. ब्रेक ऑइल, वायपर, ब्रीदर आणि वॅक्सचा हात मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दसऱ्यानंतर डिफची तेलं, ड्रम आणि हब. क्लच टेस्ट आणि रिमॅपचा विचार त्यानंतरच्या कोरड्या हंगामात.